प्रकाशाच्या कणाची चावी आणि आपल्या लेकी

बारावीचा निकाल लागून आठ-दहा दिवस झाले होते. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी येथे आम्ही नात्यातल्या एका घरी गेलो होतो. घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान आहे. काउंटरवर क्यूआर कोडचा फलक आणि शेजारी ते बोलणारे छोटे यंत्र. गिऱ्हाईक मोबाइल समोर धरतो, बोट दाबतो आणि यंत्र मोठ्याने सांगते की इतके रुपये जमा झाले. दादींना अजूनही त्या आवाजाची गंमत वाटते.

दुकानदारांची मुलगी नुकतीच विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी पास झालेली. चहा देताना तिने सहज विचारले, "चाचा, पैसे इथून बँकेत जातात, मग मध्येच कोणी तो निरोप पकडत का नाही?"

आम्ही म्हणालो, "निरोपाला कुलूप असतं, बेटा."

"कुलूप असतं तर चावीही कुठून तरी जात असेल ना? ती चावी कोणी पकडली तर?"

प्रश्न साधा होता, पण जगातले मोठे शास्त्रज्ञ आज ज्यावर काम करत आहेत तोच होता. पुढे बोलता बोलता कळले की मुलीला भौतिकशास्त्र, म्हणजे फिजिक्स घेऊन बीएस्सी करायचे आहे. अब्बांचे म्हणणे, "डी. फार्मसी कर, गावात मेडिकल तरी टाकता येईल." अम्मी गप्प होत्या. दादींनी आमच्याकडे वळून विचारले, "तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा. हे फिजिक्स करून मुलीला काय मिळतं?"

त्या दिवशी आमच्याकडे नीट उत्तर नव्हते. परत आल्यावर वाचले, जाणकारांना विचारले. हा लेख म्हणजे दादींना आमचे उशिराचे उत्तर आहे. असाच प्रश्न आपल्या अनेक घरांत दर उन्हाळ्यात निघतो, म्हणून ते सर्वांसमोर ठेवत आहोत.

कुलूप जुने, चोरही जुना

गुप्त निरोप पाठवण्याची कला फार जुनी आहे. राजे-सुलतान अक्षरांची अदलाबदल करून फर्माने पाठवत. पण अशी लिपी फोडायची कशी, हे शास्त्रशुद्ध रीतीने लिहून ठेवणाऱ्यांत पहिले नाव येते ते नवव्या शतकातील बगदादच्या अल-किंदी यांचे. त्यांची युक्ती साधी होती. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. गुप्त मजकुरात कोणते चिन्ह किती वेळा आले ते मोजा, मूळ अक्षर हाती लागू लागते. त्यांच्या या ग्रंथाचे हस्तलिखित विसाव्या शतकात इस्तंबूलच्या संग्रहात सापडले.

तेव्हापासून कुलूप करणारा आणि कुलूप फोडणारा यांची शर्यत चालू आहे. आज आपल्या मोबाइलमधले कुलूप गणिताचे आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे असते, पण गुणाकार पाहून त्या दोन संख्या शोधणे महाकठीण. प्रचलित कुलपांपैकी अनेक या अवघडपणावर उभी आहेत. १९९४ साली अमेरिकेतील गणितज्ञ पीटर शोर यांनी दाखवून दिले की पुरेसा ताकदवान क्वांटम संगणक तयार झाला, तर हे अवघड गणित त्याला अवघड राहणार नाही. तसा संगणक अजून झालेला नाही. पण आज चोरून साठवलेले निरोप उद्या उघडता येतील, ही भीती खरी आहे. बँका, इस्पितळांची कागदपत्रे, सैन्याचे निरोप, सगळ्यांनाच ती लागू आहे.

ओल्या मेहंदीची गोष्ट

यावर भौतिकशास्त्राने एक वेगळाच उपाय काढला. १९८४ साली चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार्ड या दोघांनी तो मांडला. चावी गणिताने लपवण्याऐवजी प्रकाशाच्या एकेका कणावर बसवून पाठवायची. या कणाला फोटॉन म्हणतात.

घरातले उदाहरण घेऊ. मुलीच्या हातावर ओली मेहंदी आहे. तिला कोणी हात लावला, तर नक्षी बिघडते. हात लावणारा कितीही चलाख असो, खूण राहतेच. एकट्या फोटॉनचे तसेच असते. त्यावर काय लिहिले आहे हे माहीत नसताना त्याला 'वाचायला' गेलो की त्याची अवस्था बदलू शकते. त्याची हुबेहूब नक्कल काढून मूळ कण पुढे पाठवावा, तर तेही निसर्ग करू देत नाही.

प्रत्यक्षात होते असे. प्रकाशाच्या लहरीला थरथरण्याची एक दिशा असते. पाठवणारा प्रत्येक फोटॉन दोनपैकी एका पद्धतीने पाठवतो. एका पद्धतीत दिशा उभी किंवा आडवी, दुसरीत या किंवा त्या बाजूला तिरपी. घेणाराही प्रत्येक वेळी एक पद्धत अंदाजाने निवडून मोजतो. पद्धत जुळली तर उत्तर बरोबर येते, न जुळली तर उत्तराला अर्थ नसतो. शेवटी दोघे साध्या फोनवरही बोलू शकतात. "मी अमुक वेळी अमुक पद्धत वापरली," एवढेच ते सांगतात, उत्तर सांगत नाहीत. जिथे पद्धत जुळली तेवढी उत्तरे ठेवायची, बाकीची टाकून द्यायची. उरलेल्यांची जी माळ तयार होते, तीच चावी.

मग त्यातली काही उत्तरे नमुना म्हणून ताडून पाहतात. मध्ये कोणी प्रत्येक फोटॉन वाचून पुढे ढकलला असेल, तर त्यालाही पद्धतीचा अंदाजच करावा लागला असेल. अर्ध्या वेळा तो चुकतो आणि ताडून पाहिलेल्या उत्तरांत सुमारे २५ टक्के गफलत निघते. मेहंदी बिघडल्याचे कळले की ती चावी फेकून द्यायची आणि नवी घ्यायची. खरा निरोप अजून निघालेलाच नसतो, त्यामुळे नुकसान काही नाही.

याला क्वांटम संवाद म्हणतात. ऐकायला सोपे आहे, करायला नाही. साध्या दिव्यातून दर सेकंदाला अब्जावधींच्या अब्जावधी फोटॉन बाहेर पडतात. त्यातला एकच कण वेगळा काढायचा, त्यावर खूण करायची, तो दूर पाठवायचा आणि पलीकडे तोच ओळखायचा, हे फार चिकाटीचे काम आहे. आपल्या देशात हे काम पुढे नेणाऱ्यांमध्ये एक ठळक नाव आहे प्रा. उर्बसी सिन्हा यांचे.

तीन फटींपासून सुरुवात

उर्बसी सिन्हा बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत प्राध्यापक आहेत. तिथल्या क्वांटम माहिती आणि संगणन प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. शिक्षण कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात आणि नंतर इंग्लंडच्या केंब्रिजमध्ये. पीएच.डी. केंब्रिजची. पुढे कॅनडातील वॉटर्लू येथील क्वांटम संगणन संस्थेत त्यांनी संशोधन केले. भारतात परतून रामन संस्थेत त्यांनी आपली प्रयोगशाळा उभी केली.

त्यांना पहिले मोठे नाव मिळवून देणाऱ्या प्रयोगाचा बँकेशी किंवा कुलपाशी काहीच संबंध नव्हता. आपल्या वाचकांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. बारावीच्या पुस्तकात दोन फटींचा प्रयोग असतो. दोन बारीक फटींतून प्रकाश गेला की पडद्यावर काळे-उजळ पट्टे दिसतात. सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारले, फटी तीन केल्या तर? क्वांटम सिद्धांताचा एक पायाभूत नियम, जो मॅक्स बॉर्न यांनी १९२६ मध्ये मांडला, सांगतो की तीन फटींचे चित्र दोन-दोन फटींच्या जोड्यांवरून पूर्ण समजते. तिघींचा मिळून आणखी काही नवा परिणाम नसतो. हे खरोखर तसेच आहे का, हे त्यांनी मोजून पाहिले. जुलै २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष आला. काही वेगळे असलेच, तर ते नेहमीच्या परिणामाच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. नियम टिकला.

कोणी म्हणेल, यातून काय मिळाले? नियम बरोबर होता, तो बरोबरच निघाला. पण तो प्रयोग करण्यासाठी एकेक फोटॉन तयार करणे आणि मोजणे हातात बसावे लागले. एका खास स्फटिकातून लेसरचा झोत पाठवला, की क्वचित एका फोटॉनचे दोन जुळे फोटॉन होतात. एक सापडला की दुसरा आहे याची खात्री पटते. हेच कसब पुढे चावी पाठवण्याच्या कामी आले. कुतूहलापोटी शिकलेले हुनर देशाच्या उपयोगाला असे लागते.

तीन फटींचा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. २०१४ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी गणित करून दाखवले की कण एका फटीतून जाऊन दुसरीतून वळसा घेणारी अगदी वाकडी वाटही धरू शकतो आणि त्याचा अतिसूक्ष्म परिणाम मोजता यावा. २०१८ मध्ये त्यांच्या गटाने मायक्रोवेव्ह लहरी वापरून तो मोजून दाखवला. एका प्रश्नाच्या मागे आठ वर्षे. संशोधनाची चाल अशीच असते.

दोन इमारती, मग आकाश

२०१७ मध्ये रामन संस्था आणि भारतीय अंतराळ संशोधन संस्था, म्हणजे इस्रो, यांनी मिळून उपग्रहाद्वारे क्वांटम संवाद साधण्याच्या दिशेने प्रकल्प हाती घेतला. नेतृत्व सिन्हा यांच्याकडे आले.

उपग्रह कशासाठी? फोटॉन काचेच्या तंतूतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून पाठवता येतो. पण अंतर वाढले की कण वाटेतच शोषले जातात. साध्या इंटरनेटमध्ये मध्ये यंत्र बसवून संकेत जोरदार करता येतो. इथे ते चालत नाही, कारण फोटॉनची नक्कलच काढता येत नाही. त्यामुळे काहीशे किलोमीटरच्या पुढे फायबर थकते. आकाशात मात्र वातावरणाचा दाट थर थोडाच असतो, वर पोकळी. चीनने ऑगस्ट २०१६ मध्ये 'मिशियस' नावाचा उपग्रह सोडून ही वाट चालते हे दाखवले. २०१७ मध्ये त्याच्या मदतीने बीजिंग आणि व्हिएन्ना यांच्यात क्वांटम चावीने सुरक्षित केलेले दृक्-श्राव्य संभाषणही झाले.

सिन्हा यांच्या गटाने पायरी पायरीने काम केले. आधी संगणकावर पूर्ण व्यवस्थेची तालीम करून पाहता येईल अशी आज्ञावली तयार केली. तिचे नाव 'क्यूकेडीसिम'. यंत्रातले दोष, गळती, गोंधळ हे सारे हिशेबात धरून चावी किती वेगाने आणि किती शुद्ध मिळेल ते ती सांगते. फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेच्या आवारातील दोन इमारतींमध्ये, ५० मीटर मोकळ्या हवेतून, जुळ्या फोटॉनच्या साहाय्याने चावी पोचवली गेली. २०२३ मध्ये एक टोक स्थिर आणि दुसरे हलते ठेवून प्रयोग जमवला. उपग्रह एका जागी थांबत नाही, म्हणून हलत्या लक्ष्यावर कण नेमका टाकणे आवश्यक होते. २०२४ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह जमिनीवरून उपग्रहाकडे संकेत पाठवण्यासाठी देशातील तीन वेधशाळांच्या जागा तपासल्या. त्यात लडाखमधील सुमारे ४,५०० मीटर उंचीवरचे हानले सर्वांत योग्य ठरले. कोरडी हवा, स्वच्छ आकाश.

पन्नास मीटर म्हणजे देवगावात एका गल्लीच्या तोंडापासून शेवटापर्यंतचे अंतर. वाचताना ते किरकोळ वाटते. पण मोकळ्या हवेतून, ऊन-धूळ-वारा सांभाळत एकटा कण पोचवणे जमले, तरच पुढची पायरी. देशातील इतर गटही याच वाटेवर आहेत. इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने मार्च २०२१ मध्ये ३०० मीटर मोकळ्या हवेतून क्वांटम संवाद साधला. संरक्षण संशोधन संस्था आणि आयआयटी दिल्ली यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल असा शंभराहून अधिक किलोमीटर फायबरवरून चावी पाठवली.

केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. खर्च ६,००३.६५ कोटी रुपये, मुदत २०३०-३१ पर्यंत. दोन हजार किलोमीटर अंतरावरील भूकेंद्रांमध्ये उपग्रहाद्वारे सुरक्षित संवाद, हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक. सिन्हा यांना २०२४ मध्ये राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांतील 'विज्ञान युवा – शांतिस्वरूप भटनागर' हा भौतिकशास्त्राचा सन्मान मिळाला.

त्याच नावाच्या दारात

या कहाणीला एक जुनी मराठी बाजू आहे. सिन्हा ज्या संस्थेत काम करतात ती सर सी. व्ही. रामन यांनी १९४८ मध्ये स्थापन केली. रामन म्हणजे १९३० चे नोबेलविजेते. ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक असताना, १९३३ मध्ये, मुंबई विद्यापीठातून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेली एक मराठी मुलगी तिथे प्रवेश मागायला गेली. तिचे नाव कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. रामन यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, ती मुलगी होती.

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. कारण लेखी द्या, असा आग्रह धरून बसल्या. शेवटी अटींवर प्रवेश मिळाला. पहिले वर्ष परीक्षेचे, आणि तिच्यामुळे मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभराने रामन यांनी तिचे काम मान्य केले आणि पुढे मुलींसाठी ते दार उघडले. १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजमधून पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांची नोंद आहे. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या.

एक गोष्ट विसरू नये. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि बेंगळुरूच्या त्याच संस्थेत शिकलेले होते. मुलगी दारात अडली तेव्हा घर तिच्या पाठीशी उभे होते.

आणि दार उघडले म्हणजे वाट मोकळी झाली असेही नाही. १९५८ पासून दिल्या जाणाऱ्या भटनागर पुरस्कारात भौतिकशास्त्रासाठी पहिली स्त्री निवडली गेली ती २०१८ मध्ये. त्या प्रयागराजच्या हरीश-चंद्र संशोधन संस्थेतील अदिती सेन डे. त्यांचाही विषय क्वांटम माहिती आणि संवाद. साठ वर्षे लागली. पुण्यात जन्मलेल्या कणभौतिकीच्या प्राध्यापक रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांनी २००८ मध्ये एका सहकाऱ्यासह भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या कहाण्यांचे 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक संपादित केले, ते मुलींना आपल्याआधी कोण चालून गेले हे कळावे म्हणून. ते ग्रंथालयात मागवून घ्यावे.

आपल्या मुलीची वाट

सिन्हा यांची सुरुवात कोलकाता आणि केंब्रिजची. देवगाव रंगारीच्या मुलीची सुरुवात एसटीच्या पासपासून होते. म्हणून नुसते कौतुक करून भागणार नाही, वाट कशी आहे ते सांगितले पाहिजे.

बारावीनंतर एक वाट आयसर संस्थांची. पुण्यातही आयसर आहे आणि तिथे क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्रही आहे. तिची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. मुंबईचे अणुऊर्जा विभागाचे मूलभूत विज्ञान केंद्र आणि भुवनेश्वरची नायसर यांसाठी 'नेस्ट' परीक्षा. या परीक्षा हुकल्या तर सगळे संपले असे नाही. जवळच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी करावी. तीन वर्षांनी 'जॅम' परीक्षेतून आयआयटीत एमएस्सीला जाता येते. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही भौतिकशास्त्र विभाग आहे. त्यानंतर नेट, गेट, जेस्ट यांपैकी परीक्षा देऊन पीएच.डी.

खर्चाचे काय? बारावीत अग्रक्रमात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान घेणाऱ्या मुलांसाठी 'इन्स्पायर' ही केंद्राची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपयांची. अर्जापूर्वी त्या वर्षाचे नियम मात्र नीट पाहावेत. पीएच.डी.ला निवड होऊन कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे. म्हणजे तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी मुलगी शिकते आहे आणि स्वतःचा खर्चही उचलते आहे. ही गोष्ट बऱ्याच अब्बांना ठाऊक नसते.

आता कडू बाजू. ही वाट लांब आहे. बीएस्सी तीन-चार वर्षे, एमएस्सी दोन, पीएच.डी. पाच, त्यानंतर दोन-तीन वर्षे आणखी कुठे तरी संशोधन. अठराव्या वर्षी निघालेली मुलगी तिशीच्या आसपास पक्क्या जागेवर पोचते. प्राध्यापकांच्या जागा थोड्या, स्पर्धा मोठी. हे लपवून मुलीला पाठवणे योग्य नाही. पण मध्येच उतरायलाही थांबे आहेत. बीएस्सी-बीएड करून विज्ञान शिक्षिका होता येते, आणि आपल्या भागातील शाळांना चांगल्या फिजिक्सच्या बाईंची किती गरज आहे हे पालकच सांगतील. एमएस्सीनंतर प्रकाशयंत्रे, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक सुरक्षा अशा क्षेत्रांत कामे असतात.

आणि प्रयोगशाळा नेहमी बेंगळुरूतच असते असेही नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची 'लायगो-इंडिया' वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांत लेसरचा प्रकाश धावेल. अमेरिकेतील अशा वेधशाळांत क्वांटम प्रकाशाचीच तंत्रे वापरतात. आपल्या मराठवाड्यात अशी वेधशाळा उभी राहिल्यावर तिथे काम करणाऱ्यांत मराठवाड्याच्या मुली किती असतील, हे आज बारावीच्या प्रवेशाच्या दिवसांत ठरते आहे.

कुलपाच्या आत कोण?

क्वांटम चावीबद्दलही अतिशयोक्ती नको. ती यंत्रणा महाग आहे. सुटा फोटॉन ओळखणारी यंत्रे नाजूक असतात आणि ती सदोष असली तर तिथून चोर शिरू शकतो. क्वांटम संगणकालाही फुटणार नाहीत अशी नवी गणिती कुलपेही तयार झाली असून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांची पहिली मानके जाहीर केली. बहुधा दोन्ही उपाय शेजारी शेजारी चालतील. आणि फोनवर कोणी गोड बोलून ओटीपी विचारला व आपण तो सांगून टाकला, तर जगातली कोणतीच क्वांटम चावी आपल्याला वाचवणार नाही. दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाने एवढे तरी पक्के ध्यानात ठेवावे.

इल्म हासिल करणे मुलगा-मुलगी दोघांवर फर्ज आहे, हे आपण जलशांत ऐकतो आणि मान डोलावतो. पण दोघांच्या फीचे पैसे एकाच महिन्यात भरायचे असतात, तेव्हा आधी कोणाचे भरले जातात? एसटी संध्याकाळी उशिरा येते म्हणून कोणाचे शिक्षण थांबते? मुलगी वीस वर्षांची झाली की पहिला पैगाम येतो आणि तेव्हा तिला 'एमएस्सी पूर्ण होऊ द्या' असे म्हणणारे घरात कोणी असते का? या वाटेवर फीपेक्षा मोठी गोष्ट लागते ती वेळ, आणि वेळ देणे घरच्यांच्याच हाती असते.

तर दादी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. फिजिक्स करून मुलीला लगेच मेडिकलचे दुकान मिळत नाही. एखाद्या प्रश्नामागे वर्षानुवर्षे जाण्याची सवय मिळते आणि त्या सवयीतून पुढे रोजगारही निघतो. सगळ्याच मुलींना ती वाट मानवेल असे नाही. पण जिने चहाचा ट्रे हातात धरून 'चावी कोणी पकडली तर?' असे विचारले, तिला ती बहुधा मानवेल.

मागच्या आठवड्यात त्या घरून फोन आला. अब्बांनी अजून होकार दिलेला नाही. पण त्यांनी मुलीसह जवळच्या महाविद्यालयात जाऊन बीएस्सी आणि डी. फार्मसी, दोन्हींची माहितीपत्रके आणली आहेत आणि वसतिगृहाची चौकशी केली आहे. अम्मी पहिल्यांदाच बोलल्या. त्या म्हणाल्या, "चार वर्षांचा खर्च किती येतो, तेवढं एका कागदावर लिहून द्या, भाईजान. बाकी मी बघते."

कागद आम्ही लिहून पाठवला आहे.